बाहेर बसायचं पोतं

मी एक तागाचं पोतं बोलतोय. दमलोय, म्हणून सावकाश बोलतो. आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या बाजूला एका गावात, नागोरावांच्या मागच्या ओसरीत मी राहतो.

आधी माझ्यात ज्वारी भरायचे. भोक पडलं, धान्य गळायला लागलं, तेव्हा नागोरावांच्या रेणुकाबाईंनी मला उसवून सपाट केलं. तेव्हापासून घरातली बाई पाळीत बाहेर बसली की तिच्याखाली मी. एरवी घडी घालून कोपऱ्यात उभं करतात, मला कुणी शिवत नाही.

त्यांची सून सुवर्णा दर महिन्याला यायची. माझे धागे ओढत बसायची. मग सिझर होऊन तिला मुलगी झाली आणि ती यायचीच थांबली. मुलगी चालायला लागली, अंगावरचं दूध सुटलं, तरी सुवर्णा आली नाही. रेणुकाबाई हरखल्या. सून पुन्हा पोटुशी आहे म्हणून गल्लीभर सांगून आल्या.

न्हाणी माझ्या शेजारीच. सुवर्णा तिथून डोळे पुसत बाहेर यायची. दर महिन्याला काही दिवस तिची लघवी लाल व्हायची. कुणाला सांगावं, तिला कळत नव्हतं.

नऊ महिने उलटले तरी पोट काही वाढेना. शेवटी शेजारीण म्हणाली, "काऊन वं रेणुका, तुई सून हत्तीन हाय काय?" रेणुकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेला ओसरीत बसवून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

आदिलाबादहून तपासून आल्यावर सुवर्णाच्या नवऱ्यानं, राजकुमारनं, ते वडलांना इथंच सांगितलं. गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी यांच्यामध्ये बारीक भोक राहिलंय. सिझरची जखम तिथं भरली नाही. पाळी त्या भोकातून लघवीत उतरते. मूल वगैरे काही नाही.

सुवर्णा एवढंच म्हणाली, "पुन्हा पोट फाडत असन तर मी येत नाई."

पोट फाडावं लागलं नाही. भोक लहान होतं, म्हणून लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून डॉक्टरांनी त्याच्या कडा जाळल्या. लघवीची नळी लावून ती घरी आली. जागा भरून यावी म्हणून काही महिने पाळी थांबवायचं इंजेक्शन होतं. भोक मिटलं की नाही, हे पाळी परत आली की कळणार होतं. नळी निघाली, इंजेक्शनही संपलं. मी कधी कुणाची वाट पाहिली नव्हती. या वेळी पाहिली.

परवा सकाळी ती आली. मला झटकून अंथरलं आणि बसून रडायला लागली. रेणुकाबाई दारात आल्या.

"काऊन रडून राह्यली वं?"

"बाहेर बसली, आत्याबाई."

"अन् लघवी?"

"पान्यासारकी हाय."

रेणुकाबाई उंबरा ओलांडून माझ्या दुसऱ्या टोकावर बसल्या. सुनेचं डोकं त्यांनी खांद्यावर घेतलं. शिवल्यावर अंघोळ करायची असते, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तशाच त्या चहा ठेवायला उठल्या. म्हणाल्या, "चाल, चुलीपाशी बस. अठी गार लागते."

मी अजून तिथंच पडलोय. कुणी घडी घातली नाही. बायांनो, मला पुन्हा त्या कोपऱ्यात उभं करू नका. पुन्हा शिवा, भोकावर ठिगळ लावा, जमलं तर ज्वारी भरा, नाहीतर मातीत टाकून द्या. सुवर्णाची लेक मोठी होईल, तेव्हा तिच्यासाठी मला शोधू नका.