पूनमपुढची तीन घड्याळं

चाकणच्या कंपनीतून शिफ्ट संपवून घरी येताना सुजितची मोटारसायकल घसरली आणि तो जागीच गेला. पुढच्या वर्षी रहाटणीत त्याच्या घराशेजारच्या मिनलला मुलगी झाली, पूनम. सुजितला भुवईवर जिथं मार लागला होता, तिथंच पूनमला जन्मखूण होती. सुजितच्या आईनं, सोजराबाईंनी, ती पाहिली आणि मनाशी ठरवून टाकलं की आपला लेक परत आला.

सुजितची थोरली बहीण स्वरूपा ताथवड्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आईचं हे कानावर आलं तशी ती धावत आली.

"आई, आपण बौद्ध. आपण आत्माच मानत नाही. विहारात काय सांगतात?"

"विहारात न्हाईच म्हणतात. पण शिबिरातले भंते म्हणाले, आत्मा नसला तरी काहीतरी पुढं जातं."

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते मला काय ठावं? पोरगी माझ्या हातानं जेवती, एवढं ठावं."

"आणि मिनलला हे कळल्यावर तिनं दार बंद केलं तर?"

मग स्वरूपानंच परीक्षा घ्यायचं ठरवलं: पूनम खरंच सुजित असेल, तर त्याची वस्तू ओळखेल. सुजितचं, स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी तीन घड्याळं तिनं दोन वर्षांच्या पूनमपुढं मांडली. पूनमनं सुजितचं उचललं. सोजराबाईंना हुंदका आवरेना.

"थांब. एकदा कुणालाही जमतं," स्वरूपा म्हणाली. तिनं घड्याळांच्या जागा बदलल्या. पूनमनं चमकणारं घेतलं, मग पट्ट्याचं, मग पुन्हा चमकणारं. सुजितच्या घड्याळाला तिनं परत हात लावला नाही.

"बघितलंस?" वर्गात गणित सुटल्यावर लागायचा तसाच स्वरूपाचा सूर लागला. तो तिचा तिलाच ऐकू आला.

सोजराबाईंनी घड्याळ पदरात घेतलं. "म्हणजे तो आता कुठंच न्हाई."

स्वरूपानं उरलेली दोन घड्याळं पिशवीत टाकली.

काही दिवसांनी मिनलचा फोन आला. "ताई, काकूंचं काय बिनसलंय? पूनम दार वाजवून रडते, पण त्या उघडत नाहीत."

स्वरूपानं सगळं सांगितलं.

"त्या पूनमला काय समजतात, ते मला माहीत होतं, ताई. मला चालत होतं हो."

त्याच संध्याकाळी स्वरूपा रहाटणीला गेली. "आई, माझी परीक्षाच चुकीची होती. असल्या खेळातून काही सिद्ध होत नाही. कदाचित..."

"माझ्यासाठी खोटं बोलू नको," सोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "तू खरं तेच केलंस."

मग त्या स्वतःच उठल्या, शेजारून पूनमला उचलून आणलं आणि वरणभात कालवला. पोरगी खुशीत जेवू लागली. सोजराबाई घास भरवत होत्या, पण आता त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, ताटावर होती.

त्यांनी स्वरूपालाही वाढलं.