दुधाचा पगार

"म्हंजे आता इथं पैसे भेटणारच न्हाईत?" द्वारकाबाईनं विचारलं आणि किटली खाली ठेवली.

केदारखेड्याच्या दूध केंद्रात अजमत संगणकासमोर बसला होता. वजनकाटा आणि फॅटचं यंत्र त्यानं आपल्या सॉफ्टवेअरला वर्षापूर्वीच जोडून दिलं होतं. आता डेअरीला पुढचं काम हवं होतं. दर दहा दिवसांनी रोख वाटला जाणारा दुधाचा पगार परस्पर बँकेत जमा व्हायला हवा होता. त्याची आखणी करण्यासाठी अजमत पहिल्या काही गावांतून फिरत होता.

"भेटतील की, बाई. सभासदाच्या खात्यात जमा होतील."

"सभासद तर आमचे मालक हायत."

"मंग त्यांच्या खात्यात."

मागे रांगेतल्या बायाही किटल्या खाली ठेवून पुढं सरकल्या.

"भाऊ, दूध काढते मी, आणते मी, पगार बी मीच नेते," द्वारकाबाई म्हणाली. "त्याच्यावर पोरीचं नर्सिंग चालू हाय जालन्याला. मालक वाईट न्हाईत हो. पण हातात पैसा आला की बोअर घेतात. दोन घेतले, दोन्ही कोरडे गेले. आता तिसऱ्याची जागा बघून राह्यलेत."

"बघतो," अजमत म्हणाला.

पूर्वी जालन्यात त्याची टायपिंगची शाळा होती. संगणक आले आणि बघता बघता मशिनी गप्प झाल्या. चाळिशीत तो पोरासोरांच्या शेजारी बसून नवी विद्या शिकला. आता स्टेशनजवळच्या एका खोलीत तो डेअऱ्यांसाठी, पतसंस्थांसाठी प्रोग्रॅम लिहायचा. हे काम जमलं तर डेअरीची बाकीची गावंही त्यालाच मिळणार होती. त्या भरवशावर त्याच्या बायकोनं, मदिनानं, बदनापूरच्या घराच्या स्लॅबसाठी गवंड्याला विचारूनही ठेवलं होतं.

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"तुम तुम्हारा काम करो ना. उनके घर की बात वो देखेंगे," मदिना म्हणाली. भाकरी वाढून झाल्यावर मात्र ती हसली. "सिलाई के पैसे मैं कब्बी तुमको दी क्या?"

दुसऱ्या दिवशी तो भोकरदनला बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं, "तुमच्या फाइलमधलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं पाहिजे. डेअरीचा सभासद कोण, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही."

म्हणजे अडचण बँकेची नव्हतीच. प्रोग्रॅममध्ये सभासदाच्या नावासमोर पगार घेणाऱ्याचं नाव वेगळं ठेवता येत होतं. प्रश्न उरला तो डेअरीच्या चेअरमन काकासाहेबांचा.

"अजमतभाई, तुम्ही कॉम्प्युटरवाले. घराघरात भांडणं कशाला लावता?" पगार बायांच्या खात्यात टाकायचं ऐकून काकासाहेब आपल्या ऑफिसात वैतागले. "निवडणूक तोंडावर आली. सभासद गडी मला सोडतील का? सभासदाचा पैसा सभासदाला. जमत नसंल तर जालन्यात दुसरे बी हायत."

'बरं' म्हणून उठावं, असं अजमतला एकदा वाटलं. गवंडी डोळ्यासमोर आला. पण उठवेना.

"काकासाहेब, आज पगार कुणाच्या हातात देता?"

"जो किटली आणतो त्याच्या."

"गड्यांनी कधी तक्रार केली?"

"न्हाई बा. पहिल्यापासून तसंच हाय."

"मंग मी काहीच बदलून न्हाई राह्यलो. आज ज्याच्या हातात पडतो, उद्या त्याच्याच खात्यात पडंल. उलटं तुम्ही म्हणता तसं केलं, तर तेच नवं ठरंल. आन् बायांनी उद्या दूधच आणलं न्हाई, तर?"

काकासाहेब खुर्चीत मागे रेलले.

"म्हंजे कुणी विचारलं तर सांगायचं, जुनंच चालू हाय."

"बिलकुल."

"मंग तसंच करा. आन् जल्दी करा, बाबा."

बाहेर आल्यावर अजमत पायरीवर बसला. सकाळपासून आपण चहासुद्धा घेतलेला नाही, हे त्याला आत्ता आठवलं.

पुढच्या महिन्यात बाया जीप करून भोकरदनला आल्या आणि त्यांनी खाती उघडली. त्याआधी द्वारकाबाईचे मालक रामराव दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला खात्यासाठी फोटो काढायला नेलं.

पहिल्या पगाराच्या दिवशी अजमत बँक उघडायच्या आधीच दारात उभा होता. पगाराची फाइल बँकेच्या संगणकावर चढली. साहेब पडद्याकडे बघत राहिले आणि अजमत साहेबांकडे.

"सगळ्यांचे जमा झाले. एकही परत नाही आला."

अजमतनं डोळे मिटले. डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवून घ्यावी, तसं त्याला वाटलं. तो बाकावर टेकला.

दुपारी द्वारकाबाई आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. चपला तिनं दाराबाहेर काढल्या. खिडकीत पासबुक सरकवलं.

"किती काढायचेत, मावशी?" कारकुनानं विचारलं.

"काढायचे न्हाईत. आले का, तेवढं बघायला आल्ते."

"आलेत की."

"नाव कुणाचं हाय?"

"तुमचंच."

"वाचून दाखवता का जरा?"

कारकुनानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तिचं नाव मोठ्यानं वाचलं. द्वारकाबाईनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पासबुक पिशवीत ठेवलं, पदर नीट केला आणि मागच्या बाईला जागा देत ती बाजूला सरकली.