मास्तरांना न मिळालेली किल्ली

मित्रांनो, माझ्यात आजवर कितीतरी माणसं बसली, पण 'आमची गाडी' असं मला एकानेही म्हटलं नाही. कसं म्हणतील? मी भाड्याची गाडी. आता तर जुनी झाले आहे. प्रवाशांना गाड्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या अंगणात, भिंतीला नाक लावून उभी असते.

एके काळी माझाही तोरा होता. कारखान्यातून मी आले ती माझ्यासारख्याच पांढऱ्याशुभ्र बहिणींच्या रांगेतून. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या बाई माझ्याभोवती फिरून म्हणाल्या, "ही गुणाची दिसते." आणि होतेच मी गुणाची. परदेशातून आलेली माणसं माझ्यात बसून डोंगर बघायची, समुद्र बघायची. त्यांची मुलं सीटवर बिस्किटांचा चुरा करायची आणि बुटांतून वाळू आणायची. परत येताना कुणीतरी टपावर थाप मारून म्हणायचं, "चांगली साथ दिलीस गं." तेवढ्यावर मी पुढचा महिना काढायची.

पण ते राहू दे. मला तुम्हाला मास्तरांची गोष्ट सांगायची आहे. ती आठवली, की बंद इंजिनसुद्धा जड वाटतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. दूर त्यांच्या देशात, स्वतःच्या गावात ते गाडी चालवायला शिकवायचे. डॉक्टर, सोनार, भाजीवाले, खुद्द त्यांची लेक, सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. आमच्या देशाची सहल लेकीने काढली होती. निघायच्या आधी ती म्हणाली होती, "बाबा, तिकडे गाडी भाड्याने घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. दोघांचाही काढू या." तेव्हा मास्तर हसले होते. "काढ तुझा. अख्ख्या गावाला मी गाडी शिकवली, मला कोण परवाना विचारणार? आपल्या सोनाराचा मेहुणा जाऊन आला, त्याला कुणी विचारलं नाही."

मेहुणा खोटं बोलला नव्हता, मित्रांनो. कुठे विचारतात, कुठे विचारत नाहीत. आमच्या दुकानात मात्र विचारायचे.

काउंटरवरच्या बाईंनी मास्तरांचा परवाना उलटसुलट करून पाहिला. "परवाना खरा आहे हो तुमचा. पण तो तुमच्या भाषेत आहे. आमच्या पोलिसाला तो वाचता कसा येणार? सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा."

"मग इथे काढून द्या."

"तो इथे मिळत नाही. ज्याच्या त्याच्या देशातच निघतो, घरून निघण्याआधी." मग त्यांनी लेकीचे दोन्ही परवाने पाहिले आणि माझी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "गाडी फक्त यांनीच चालवायची. विमाही यांच्याच नावाचा आहे."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. माझ्याजवळ येऊन ते आधी चालकाच्या दाराशी गेले, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसले.

आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यांच्याकडे डाव्या. त्यामुळे लेकीची पहिल्या दिवशी फार धांदल उडाली. वळायचं असलं, की तिच्याकडून दिव्याऐवजी वायपर सुरू व्हायचा. लख्ख उन्हात मी काच पुसत चालले होते! मास्तर खदखदून हसायचे, आणि लगेच त्यांचा पाय माझ्या मॅटवर दाबला जायचा. शिकवायच्या गाडीत मास्तरांसाठी वेगळा ब्रेक असतो ना, तो ते शोधत असत. मॅटखाली माझा नुसता पत्रा होता.

हळूहळू लेकीचा हात बसला. मास्तर मात्र गप्प गप्प होत गेले. "गियर बदल," "आरशात बघ," एवढंच बोलायचे. आयुष्यभर ज्याने स्टिअरिंग धरलं, त्याला गुडघ्यांवर हात ठेवून बसवत नव्हतं.

मग तो डोंगरातला रस्ता आला. गुळगुळीत, रिकामा, खाली झाडी. मास्तर हळूच म्हणाले, "थोडा वेळ दे ना. हात शिवशिवतायत गं."

"बाबा, नको. बाईंनी सांगितलंय ना."

"इथे कोण बघतंय? पुढच्या गावापर्यंतच."

लेक थांबली. बापाने असं काही मागितल्याचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने मला कडेला घेतलं आणि जागा बदलली.

खोटं कशाला बोलू, मास्तर सुरेख चालवायचे. वळणावर मला एक झटका बसू दिला नाही. त्यांच्या हाताखाली मला नव्यासारखं वाटत होतं. मी खुशीत धावत होते, आणि नेमकी तीच गोष्ट नंतर मला सलत राहिली.

गावाजवळ एका गल्लीतून मोठ्या रस्त्यावर यायचं होतं. मास्तर थांबले. उजवीकडे नीट पाहिलं. रस्ता मोकळा. चाळीस वर्षांची सवय होती ती, त्यांच्या देशात जवळचं वाहन उजवीकडून येतं. आमच्याकडे ते डावीकडून येतं. डावीकडून सायकलवर एक बाई येत होत्या.

लेक ओरडली. मास्तरांनी ब्रेक दाबला, मीही चाकं रोवली. पण बाई माझ्या पत्र्यावर आदळून रस्त्यावर पडल्या. टोपलीतले पाव सगळीकडे घरंगळले.

त्या गावातल्या बेकरीवाल्या बाई होत्या. त्यांचं मनगट मोडलं होतं. त्या हात छातीशी धरून बसल्या होत्या आणि कण्हण्याऐवजी म्हणत होत्या, "माझं पीठ भिजवलेलं आहे हो घरी."

मास्तर त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसले होते, पांढरेफटक. पोलीस बाई आल्या तोवर लेक माझ्या चालकाच्या दारापाशी येऊन उभी राहिली होती. "गाडी कोण चालवत होतं?" पोलीस बाईंनी विचारलं.

"मी," लेक म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. ओठ हलले. लेकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते ओठ पुन्हा मिटले.

पोलीस बाईंनी तिचे दोन्ही परवाने तपासले. सगळं नियमात होतं. मला सगळं माहीत होतं, मित्रांनो, पण मला हॉर्न होता, जीभ नव्हती.

नंतर माझ्यात बसल्यावर लेक म्हणाली, "तुमच्याकडे परवाना नाही, विम्यात नाव नाही. तुम्हाला अटक केली असती, बाबा. आता काही बोलू नका." मास्तर खरंच काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते जेवायलाही नीट उतरेनात. लेक दुकानातून काही घेऊन यायची, ते कागदासकट मांडीवर तसंच राहायचं. एकदा ती पेट्रोलचे पैसे द्यायला आत गेली असताना त्यांनी कपाळ माझ्या खिडकीच्या काचेला टेकवलं आणि पुटपुटले, "काय केलं मी हे." काचेवर वाफ धरली. ती विरली, तरी त्यांनी डोकं उचललं नाही.

बेकरीवाल्या बाईंना दवाखान्यातून सोडलं, तेव्हा लेक म्हणाली, मी घरी पोहोचवते. बाई माझ्या मागच्या सीटवर बसल्या, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. लेक अगदी फुलासारखी मला चालवत होती. (कुणाची भाषा कुणाला कशी कळली, असं विचारू नका. तुटकं तुटकं बोलत, खुणा करत ते जमवत होते. आणि भाड्याच्या गाडीला तर सगळ्याच भाषा कळतात.)

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, इतकं जपून चालवता येतं तुला. मग त्या दिवशी काय झालं होतं? तुला गाडी शिकवली तरी कुणी?"

लेकीचे कान लाल झाले.

"गाडी बाजूला घे," मास्तर म्हणाले.

"बाबा, नको ना."

"घे म्हणतो ना, बाळ."

मी थांबले. मास्तर पूर्ण मागे वळले. "हिला मी शिकवलं. आणि हिचं काही चुकलेलं नाही. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. माझ्याकडे तुमच्याकडे चालणारा परवाना नव्हता. म्हणून हिने ते स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं."

"घेऊ दिलंत?"

"हो."

"बाप ना तुम्ही हिचे?"

मास्तरांनी मान खाली घातली. लेक स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होती. तिला वाटत होतं, बापाला वाचवायला निघाले आणि त्यांना या अवस्थेला आणलं.

शेवटी बाईच म्हणाल्या, "आधी मला घरी सोडा. मग चौकीत जा. वाटेतच आहे. आणि दोघंही जा."

दोघंही गेले. पोलीस बाई फार चिडल्या. "परवाना नव्हता ही एक चूक," त्या म्हणाल्या, "आणि लेकीला पुढे केलंत ही दुसरी. कायद्याने पहिली मोठी असेल. मला दुसरी मोठी वाटते." मास्तरांवर खटला झाला, त्या देशात पुन्हा गाडी चालवायला बंदी झाली, लेकीलाही खोट्या जबाबाबद्दल शिक्षा म्हणून दंड झाला. विम्याने हात झटकले. बेकरीवाल्या बाईंच्या उपचाराचं सगळं मास्तरांनी भरलं, पण त्यांच्या पिठाचं काय करणार? खटला संपेपर्यंत ते रोज पहाटे त्यांच्या बेकरीत जाऊन कणिक तिंबायचे. बाई कुरकुरायच्या, "दगड झालाय याचा." मास्तर पुन्हा तिंबायला घ्यायचे.

मला परत करताना त्यांनी काउंटरवरच्या बाईंनाही सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंत ना?"

पोचा आलेली गाडी पाहुण्यांना कोण देणार? मला इतर गाड्या धुवायच्या साबणाच्या बादल्या न्यायला लावलं, आणि पुढे तेही बंद झालं.

काही वर्षांनी लेक परत आली, एकटी. तिला दुसरी गाडी मिळाली, पण ती मागच्या अंगणात मला बघायला आली. काउंटरवरच्या बाईंना सांगत होती, की ती बेकरीवाल्या बाईंकडे जाऊन आली. मनगट पुरतं वळत नाही, पाव आता त्यांची भाची करते. हे बाबांना जाऊन कसं सांगू, ते तिला कळत नव्हतं.

"आणि बाबा?" बाईंनी विचारलं.

"शिकवतात अजून. पण आता नवा विद्यार्थी आला, की त्याला आधी सायकल देतात. म्हणतात, जा, भर चौकातून एक चक्कर मारून ये. गाड्या अंगावर कशा येतात ते बघ. मग किल्ली."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दूरच्या देशांत जाल, माझ्यासारखी एखादी गाडी घ्याल. घरून निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि स्वतःचा मूळ परवानाही सोबत ठेवा. कुणी विचारेल किंवा विचारणार नाही. तुम्हाला किल्ली मिळाली नाही, तर शेजारच्या सीटवर बसा आणि डोंगर बघा. फार सुंदर दिसतात ते तिथून.