न बदललेली ओळ

मी एक गिटार बोलतेय. धाराशिवातले निम्मे लोक मला बेंजो म्हणतात, उरलेले 'ते इंग्लिश वाद्य'. त्यांना काय सांगायचं!

माझा पहिला मालक योगीराज. त्यानं मला घेतलं ते फोटोसाठी. मला गळ्यात अडकवायचा, गॉगल लावायचा. तीन वर्षांत एकदाही तारा सुरात लावल्या नाहीत. फोटोखाली मात्र 'संगीत हाच माझा श्वास'. असल्या श्वासाची मला कीव यायची. लग्न ठरलं तसं त्यानं मला कपाटावर टाकलं.

तिथून मला उतरवलं त्याच्या चुलत बहिणीनं, माकणीच्या शिवप्रियानं. मोबाईलवर बघून ती शिकली. बोटांना घट्टे पडले, तरी थांबली नाही. पुढं आपल्याच बोलीत स्वतःची गाणी रचू लागली. त्यावर तिची मामी म्हणाली, "हे गाणं कुठल्या शिनेमातलं?"

"माझंच हाय मामी."

"म्हंजे खरं गाणं न्हाय व्हय."

शेजारच्या प्रेमाबाईंचं जुनं घर धरणात गेलेलं. एकदा पाण्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "तितं खाली माजी चूल हाय बग." शिवप्रियानं त्याचंच गाणं केलं. 'पाण्याखाली चूल माझी' ही त्यातली ओळ. ते गाणं मोबाईलवरनं पार सोलापूरपर्यंत पोचलं.

लगेच भीमाशंकर उगवला. एका पुढाऱ्याच्या मागंपुढं करणं, एवढाच त्याचा उद्योग. साहेबांच्या वाढदिवसाला धाराशिवात कार्यक्रम होता.

"ताई, गाणं लई भारी. फक्त चुलीची ओळ काढा. 'साहेबांनी पाणी आणलं' असं टाका. चालीत बसतंय. साहेब तुमचा आल्बम काढतील."

"ती ओळ प्रेमाकाकूंची हाय. न्हाय बदलणार."

तो हसला आणि तारीख सांगून गेला. अशा माणसांना नकार ऐकूच येत नाही.

शिवप्रिया गेली, ओळ आहे तशीच गायला, प्रेमाबाईंना सोबत घेऊन. पुढच्या रांगेतले मानकरी मोबाईलमध्ये माना खुपसून बसलेले. तिनं चुलीची ओळ घेतली आणि माईक बंद पडला. साऊंडवाल्याच्या खांद्यावर भीमाशंकरचा हात होता.

शिवप्रिया मला गळ्यात घेऊन स्टेजवरून उतरली आणि थेट मागं, बायकांच्या रांगांकडं निघाली. भीमाशंकर आडवा आला. त्यानं ढकललं तशी मी लोखंडी खुर्चीवर आदळले आणि माझी कूस तडकली. शिवप्रियानं प्रेमाबाईंसमोर उभं राहून पुन्हा पहिल्यापासून गाणं सुरू केलं. बायकांनी खुर्च्या फिरवल्या. तिकडं स्टेजवर केक कापला जात होता. इकडं प्रेमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"माजी चूल तू लोकांला दावलीस गं," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून एकही मंडळ आम्हाला बोलावत नाही. एका कॉलेजनं ठरलेला कार्यक्रम 'वातावरण बिघडायला नको' म्हणून रद्द केला. शिकलेली माणसं भित्रेपणालाही किती नीटनेटकं नाव देतात!

आता आम्ही अंगणात गातो, माकणीत, कधी येरमाळ्याला. वीस-पंचवीस माणसं जमतात आणि ऐकतात. माझ्या कुशीला डिंक आहे, वर चिकटपट्टी. खालची तार जरा खरखरते. शिवप्रिया म्हणते, असू दे.

मानकरी हो, तुम्हाला एवढंच सांगणं: आम्हाला बोलवायचं तर ऐकायला बोलवा. ओळ बदलून हवी असेल, तर गळा दुसरा बघा.