मुळ्याची पांढरी दाढी

परंदवडीच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी जेवढी गर्दी होती तेवढी लग्नालाही होत नाही. पुढे खुर्च्यांवर लोणावळ्याचे बंगलेवाले, मागे सतरंजीवर आपली गावची माणसं. व्यासपीठावर मृदानंद महाराज. गालाला चिकटलेला माइक, अंगावर पांढरं रेशीम, आणि दहा नखांपैकी एकाखालीही मातीचा कण नाही. आणि हा माणूस मातीवर बोलणार होता!

"मायकोरायझा!" महाराज गरजले. "परदेशी वाटतो ना शब्द? आपलाच आहे! मायेची रज! ऋषींनी चोरांपासून लपवून ठेवलेली!"

टाळ्या. मी सारिका. सोमाटणे फाट्यावर बियाणं-खताचं दुकान चालवते, शेतकीची पदवी आहे. मायकोरायझा ही खरी गोष्ट आहे, म्हणून तर माझा संताप जास्त. ती एक बुरशी. झाडाच्या मुळांत राहते, बारीक तंतू लांब मातीत पसरवते, तिथला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि ओलावा झाडाला आणून देते आणि बदल्यात झाडाची साखर खाते. सरळ देवाणघेवाण आहे. त्यात देव कुठून आला?

आला ना, स्टीलच्या डब्यातून! महाराजांनी झाकण उघडलं. ओल्या फडक्यावर मुळ्याचं बी उगवलं होतं, आणि प्रत्येक कोवळ्या मुळाला दाट, पांढरी, मऊ लव होती. दाढी फुटल्यासारखी.

"तीन दिवसांपूर्वी चिमूटभर मूळशक्ती भस्म टाकलं. पाहा! श्वेतदेव प्रकटले!"

लोक उठून उभे राहिले. मोबाइल वर गेले. एका बंगलेवाल्या बाईंनी तर डोळे पुसले. बाई, मुळा उगवलाय, मुळा!

"घरी करून बघा. बुधवारी इथेच डबे उघडू. फक्त देवाला पाण्यात बुडवायचं नाही, कोप होतो. आणि रोपांचं ऐका. पिशवी फाडा, जुनी पापी माती झटका, मुळं भस्मात घोळवा, नव्या मातीत लावा. मग सात दिवस पाणी बंद. पाणी श्वेतदेव आणतील!"

मे महिन्यात पाणी बंद! मी शेजारी बघितलं. शालूमावशी हात जोडून बसलेली. परंदवडीतच तिची रोपवाटिका आहे. जांभूळ, फणस, करवंद मिळून चारशे रोपं, दोन वर्षं कडेवरच्या पोरासारखी वाढवलेली. त्यावरच तिचं सगळं.

"मावशी, असलं काही करू नकोस. चार दिवसांत वाळतील."

"तुजं दुकान बसंल म्हनून तुला पोटदुखी," मावशी फणकारली. "दाढी म्या डोळ्यांनी बगितली. आमी मटकीला मोड आनतो, त्याला कदी आली अशी?"

प्रश्न चोख होता. ओरडून उपयोग नव्हता. "बरं, एक कर. एक डबा भस्माचा. दुसऱ्यात मुळ्याचंच बी, पण वर चुलीतली राख. तिसऱ्यात नुसतं बी, तो मी दुकानात ठेवते. बुधवारपर्यंत रोपांना हात लावू नकोस."

"राखंला कुटं देव येतोय!" म्हणाली, पण तयार झाली. चारशे जणांनी भस्म नेलं. भस्माशिवाय काय होतं, हे बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. हुशार हुशार माणसं बसली होती हो तिथे!

बुधवारी तीच गर्दी. डबे उघडले, दाढ्या निघाल्या, जयजयकार झाला. शालूमावशी मात्र दोन डबे मांडीवर घेऊन बसलेली. मग उठली, थेट पुढे गेली.

"म्हाराज, ह्यो भस्माचा. ह्यो राखंचा. दोनीला सारकीच दाढी. आसं कसं?"

महाराजांची जीभ तरबेज. "माउली, भस्माच्या लहरी शेजारच्या डब्यात गेल्या!"

"आणि साडेतीन किलोमीटरवर माझ्या दुकानातही गेल्या का?" मी तिसरा डबा उघडून धरला. "यात ना भस्म, ना राख. नुसतं पाणी. दाढी बघा, तुमच्यापेक्षा दाट!"

पुढच्या खुर्च्यांत कुणीतरी फिसकन हसलं. मी एक कोंब उचलून पाण्याच्या ग्लासात बुडवून काढला. लव मुळाला चिकटली, दिसेनाशी झाली. "देव कोपले नाहीत, भिजले! हे मुळाचेच केस आहेत. मुळा, मोहरी दमट हवेत ठेवली की अशी लव भरपूर दिसते. मटकी आपण धुतो, कापडात आवळून बांधतो, म्हणून तिथे नजरेत भरत नाही. खरी मायकोरायझा मुळाच्या आत असते, ती बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. आणि मुळा, मोहरी, कोबी यांच्या मुळांशी तिचं जमतच नाही! महाराजांना देव दाखवायला नेमकं तेच बी सापडलं!"

"म्हाराज," मावशीचा आवाज चिरकला. "सोमवारीच धीर धरवला न्हाई मला. वीस रोपं भस्मात घोळवून लावली. माना टाकल्यात त्यांनी."

"माउली, रोपं ध्यानाला बसली आहेत."

"ध्यानाला?" मावशी कडाडली. "मेल्या, मेलीत ती! दोन वरीस पानी घातलंय म्या!"

महाराजांना लोणावळ्यातला तातडीचा कार्यक्रम आठवला. गाडी धुरळा उडवत गेली. तरी जाताजाता पाच-सहा जणांनी भस्म घेतलंच. "असूदे घरात," म्हणे! कपाळ माझं.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आली. "त्या खऱ्या बुरशीची पुडी दे."

मी ऐटीत काचेपुढच्या खोक्यातली काढली.

"काय लिवलंय, वाचून दाव."

"बुरशीचं नाव आहे, बघ. एका ग्रॅममध्ये जिवंत किती, ते आहे. बॅच नंबर आहे. तारीख..."

"तारीक काय?"

मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. खोकं वर्षभर काचेतून येणाऱ्या उन्हात. आतली बुरशी बहुधा कधीच मेलेली. गेल्या आठवड्यातच दोन पुड्या मी विकल्या होत्या. तोंड माझं बघण्यासारखं झालं.

"म्हंजी तूबी मला मेलेलाच देव देत हुतीस," मावशी शांतपणे म्हणाली.

खोकं मी तिच्यासमोर बाहेर काढलं. त्या दोन पुड्या नेलेल्यांना फोन करून नव्या दिल्या. मावशीला पुडी विकलीच नाही. तिच्या जुन्या जांभळाखालच्या मातीत ही बुरशी फुकट नांदत असणार. तीच माती नव्या पिशव्यांत मिसळ म्हटलं.

तर बाबांनो, पुडी घ्या, जरूर घ्या. पण नाव, संख्या, तारीख वाचल्याशिवाय नाही, आणि पुडी सावलीत ठेवली होती का ते विचारल्याशिवाय नाही. चार रोपांना घाला, चार तशीच ठेवा, मग बोला. समोर महाराज असो नाहीतर पदवीवाली सारिका.

शालूमावशीला वाचता येत नाही. पण हल्ली दुकानात येते, कुठलीही पुडी उचलते आणि माझ्यापुढे धरते. "वाच. तारीक आदी."