काढलेला भाग

"अहो, पोट दाबू नका," बायको म्हणाली.

काकांनी हात काढला नाही. पट्टीच्या कडेला बोट रुतवून पाहिलं. बोटाला पोट लागत होतं, पोटाला बोट लागत नव्हतं. काल दुपारी इथूनच आतड्याचा गाठ असलेला तुकडा काढला म्हणे, आणि आज सकाळी काही म्हणता काही दुखत नाही? कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

चाळीस वर्षं काका शिलाई मशीन दुरुस्त करत आले होते. त्यांचा एक शिरस्ता होता. बदललेला जुना भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. ज्या मशीनमध्ये दम उरलेला नसे, त्याचं झाकण उघडून ते तसंच परत बसवायचे आणि म्हणायचे, "सध्या राहू द्या, पुढचं पुढे बघू." तिथं हातात द्यायला जुन्या भागाची पुडी नसायची.

सकाळी डॉक्टरही तेच म्हणून गेले होते. "सध्या आराम करा, पुढचं पुढे बघू."

"काढलेलं काही दाखवलं का तुला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दाखवलं ना," म्हणत तिनं घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घातली.

काकांच्या पोटात गोळाच आला असता, पण पोटच जागेवर नव्हतं.

सिस्टर सलाईन बघायला आली, तेव्हा त्यांनी तिलाच गाठलं. "माझं ऑपरेशन खरंच झालंय ना? मग दुखत कसं नाही?"

"न दुखण्याची तक्रार करणारे तुम्ही पहिलेच, काका," ती हसली. "पोटाच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलंय, तिथल्या नसा बधिर केल्यात. दुपारनंतर असर उतरेल. दुखायला लागलं की बेल दाबा, सोसत बसू नका."

मग काका दुखण्याची वाट बघत पडून राहिले. चार वाजता कळ आली ती डोळ्यांपुढे काजवे चमकवत. त्यांना वेड्यासारखा आनंद झाला, पण तो मिनिटभरही टिकला नाही. झाकण उघडून नुसतं परत बसवलं तरी स्क्रूवर ओरखडे पडतातच. नुसतं चिरून शिवलं असतं तरी एवढंच दुखलं असतं.

बायकोचा हात बेलकडे गेला. त्यांनी तो धरला. "आधी खरं सांग. काय दाखवलं?"

तिला रडूच फुटलं. "ऑपरेशन थिएटरच्या दारात बोलावलं मला. ट्रेवरचं फडकं उचललं, लाल काहीतरी दिसलं नि मी डोळे मिटून घेतले. डॉक्टर सांगत होते, एवढं काढलं, इथून काढलं, नि मी आपली मान हलवत होते. नीट बघितलंच नाही हो मी. तुम्ही विचारल्यावर काय सांगू?"

आपण दिलेली पुडी उघडून पाहिलेलं एकही गिऱ्हाईक काकांना आठवेना. सगळे ती तशीच पिशवीत टाकून घरी जात.

त्यांनी तिचा हात सोडला.

"दाब बेल," ते म्हणाले. "फार दुखतंय."