हजर सतरा

उद्घाटनाच्या दिवशी फेतुआओचं बोट नव्या चर्चच्या कोनशिलेवर एकेका नावाखालून सरकत होतं. सिनिवा तिच्या मागे उभी होती. सतरा नावं संपल्यावर ते बोट दगडाच्या कोऱ्या भागावर क्षणभर थांबलं.

"अक्षरं छान कोरलीत," फेतुआओ म्हणाली. मग मान न वळवताच, "अजून लपवतेयस होय गं मला? आता पासपोर्ट आहे माझ्याकडे."

आजूबाजूच्या बायका हसल्या. म्हाताऱ्यांची काहीतरी जुनी थट्टा असेल, असं त्यांना वाटलं. सिनिवाला हसता आलं नाही.

ऑकलंडच्या ओटारा भागातल्या सामोअन ख्रिस्ती मंडळीची ती एक्केचाळीस वर्षं चिटणीस होती. नोकरी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत झाली. मोजणीत ती कधी चुकत नसे. १९७५ साली तिच्या भावाच्या गॅरेजमध्ये पहिली उपासना झाली, तेव्हा माणसं अठरा होती. खालची चटई फेतुआओनं विणलेली. पहिलं गीतही तिनंच उचललं. पण तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेली होती आणि त्या दिवसांत अशांना पकडायला ऑकलंडमध्ये पोलीस पहाटे सामोअन घरांची दारं ठोठावत. तिचं नाव कागदावर नको, असं सिनिवानंच ठरवलं. वहीत तिनं लिहिलं : हजर सतरा. उपासना संपताना हजेरीचा आकडा मोठ्यानं वाचायची पद्धत होती. पुढे माणसं वाढत गेली, पण दर रविवारी सिनिवा असतील त्याहून एक कमी वाचत राहिली.

बारा वर्षांनी फेतुआओला कागदपत्रं मिळाली. मग वहीत नाव आलं : नवीन सभासद, १९८७.

गॅरेज सुटलं, भाड्याचं सभागृह आलं, आणि आता स्वतःचं चर्च. 'गॅरेजमधले सतरा' ही मंडळीची गोष्ट झाली. रविवारच्या शाळेत मुलं ती नावं पाठ म्हणत.

कोनशिलेचा मजकूर घेऊन तरुण पाळक तोआमुआ घरी आले, तेव्हा सिनिवानं तो दोनदा वाचला.

"बरोबर आहे ना, मावशी? तुमच्याच वहीतून उतरवलाय."

वहीत एक माणूस कमी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण तिची वही आजवर कुणी तपासली नव्हती. सगळे म्हणत, सिनिवानं लिहिलं म्हणजे झालं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

विसरली असती तर बरं झालं असतं. ती विसरली नव्हती.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती फेतुआओच्या दारासमोर सिमेंटवर बसली आणि तिनं डोक्यावरून चटई ओढून घेतली. मोठा अपराध घडला की सामोआत अख्खं घराणं असं जाऊन बसतं. समोरच्यानं चटई उचलली तर माफी. त्यासाठी बारीक विणीची, मोलाची चटई लागते. सिनिवानं कपाटातून गॅरेजमधली ती जुनी चटई काढून आणली होती.

आत केटली वाजली, थांबली. दार उघडलं नाही. टपालवाला तिला वळसा घालून पत्रं टाकून गेला. गुडघे भरून आले.

बऱ्याच वेळानं विणीच्या फटींतून दोन लोकरी मोजे दिसले.

"हे घराण्यानं करायचं असतं. एकटीच आलीस?"

"घरी सांगितलं नाही कुणाला."

"म्हणजे हेही लपूनछपून."

फेतुआओ कण्हत पायरीवर टेकली.

"तू सतरा वाचलंस ना, तेव्हा मी मनात अठरा म्हटलं. मग दर रविवारी एक वाढवून म्हणत राहिले. कागद हातात आले, तेव्हा वाटलं, आता तू अठरा म्हणशील."

"पाळकांना आजच सांगते."

"पाळकांच्या कानात नको. रविवारी आकडा वाचतेस ना, तेव्हा सगळ्यांसमोर सांग. अठरातल्या आपण दोघीच उरलोय. माझ्यानंतर सांगून काय उपयोग?"

चटई उचलली गेली. ऊन एकदम डोळ्यांवर आलं. फेतुआओनं चटईच्या कडेवरून अंगठा फिरवला, स्वतःचीच गाठ चाचपली आणि चटई घडी करून काखेत धरली.

"चहा गार झालाय. दोन कप ओतले होते."

सिनिवानं जमिनीवर हात टेकला. एक गुडघा उचलला, मग दुसरा. फेतुआओनं तिला हात दिला नाही. पण ती उठेपर्यंत दार धरून उभी राहिली.